चारनंतरचा वारा

पहाटे परतवाड्याहून निघालो तेव्हा
जीपच्या टपावर हँग ग्लायडरची अठरा फुटी गुंडाळी,
टोकाला लाल फडकं.
नाक्यावरच्या पोलिसानं विचारलं, "मंडप कोनाचा हाय?"
"आमचाच," हर्षद सवाईथूल म्हणाला.
त्यात खोटं तरी काय होतं.

टेकडीचं नाव घोडमाळ.
वर शेंदराचा एक दगड, एक आवळा,
आणि खाली कुठंच न मिळणारी मोबाईलची रेंज.
काठीला जुन्या परकराची पट्टी बांधली, वारा कळावा म्हणून.
नऊला ती लोंबकळली, दहाला लोंबकळली,
अकराला एकदा उलटीकडं फडकली
आणि चूक कळल्यासारखी गप्प झाली.

शेळ्यांमागून आलेली फुलवंती कासदेकर
आमच्याकडं बघत म्हणाली,
"वारा चारच्या नंतर येते.
आतापासून कायले बसले उन्हात?"
आम्ही हसलो. आमच्याकडं वारा मोजायचं यंत्र होतं.

मोरेश्वरला धीर नाही. तो धावला,
पिवळं पॅराग्लायडर डोक्यावर नीट भरलं,
आणि जिना उतरावा तसा तो उतरत गेला
थेट कुणाच्या तरी हरभऱ्यात.
बाईनं मोडलेली झाडं मोजली. पैसे नको म्हणाली.
"बाजार हाय उद्या. चाळीस जुड्या बांधून दे, मंग जाय."
वरून दिसत होता तो, वाकलेला,
हरभऱ्याची आंब खरचटलेल्या हातांना झोंबत असणार,
कारण दर थोड्या वेळानं हात झटकत होता.

एकला हर्षद उभा राहिला.
तीन वर्षं टिनाच्या शेडमध्ये त्यानं हे पंख दुरुस्त केले,
इंदूरहून आणलेले जुने पाइप, नवी शिलाई,
लग्नाची बोलणी दोनदा पुढं ढकलून.
उतारावर धावला. उजवा पंख झुकला.
घाणेरीच्या झुडपात एक कर्कश आवाज,
मग नुसती धूळ.
कापडाखालून त्यानं पहिलं विचारलं ते हेच:
"उचललो होतो ना मी? पावलं सुटली होती ना?"
मी पाहिलं होतं. सुटली नव्हती.
"चार," मी म्हणालो. "चार पावलं हवेत होता."

चारला दहा कमी असताना
परकराची पट्टी आडवी झाली, आणि आडवीच राहिली.

मी महावितरणचा लाइनमन.
बावीस वर्षं मान वर करून तारा पाहिल्या,
खांबावर चढलो तरी वर आणखी एक तार असायचीच.
आज तारा माझ्या पायांखाली,
चिखलात कुणी काडीनं ओढलेल्या रेघांसारख्या.
कोणत्या फिडरवर कोणतं गाव, सगळं पाठ,
पण गावं एवढी जवळजवळ आहेत हे माहीत नव्हतं.
नांगरलेल्या काळ्या रानावर यंत्र टिवटिवलं,
खुर्चीला खालून कुणी गुडघा लावावा तसा धक्का बसला,
जिनिंगमधून उडालेलं कापसाचं एक पेळं
गरगरत माझ्याबरोबर वर आलं,
आणि एक घार, जिला माझ्यात काहीच रस नव्हता.

घोडमाळेवर एक ठिपका.
दगडावर पाइप ठेवून सरळ करत होता.
त्यानं वर पाहिलं की नाही, कळलं नाही.
मी हात हलवला नाही.

एकोणीस मिनिटं. मग नाल्याच्या चिखलात उतरलो,
डावा बूट अजून तिथंच आहे.

परतताना नाक्यावर सकाळचा पोलीस नव्हता.
वाकडी गुंडाळी टपावर खडखडत होती,
कुणी काही विचारलं नाही.
पट्टी काठीलाच राहिली, हे आठवलं, जीप वळवली नाही.
बराच वेळानं अंधारात हर्षद म्हणाला,
"चार ना?"
"चार."
मागे बसून घाटे सोलणारा मोरेश्वर,
जो तेव्हा बाईच्या जुड्या बांधत होता,
तोंड भरलेलं असताना बोलला,
"पाच. म्या मोजले."